कोळशाचा हिरा होत नाही

बाई, महत्त्वाचं आधी. ती ओळ तुमची नव्हती, माझी होती. "दाब सोसला की कोळशाचाही हिरा होतो" हे वाक्य अकरा वर्षांपूर्वी आमच्या रविवारच्या पुरवणीत तुमच्या नावाने छापून आलं. ते मी लिहिलं होतं, तुम्हाला न विचारता. ते शास्त्राच्या दृष्टीने चूक होतं. चूक उघड झाल्यावर मी कार्यालयात सांगितलं की हे वाक्य बाईंच्या मूळ लेखातच आहे. तेही खोटं होतं.

एवढं सांगायला मला अकरा वर्षं मिळाली होती. तुम्ही जाऊन आज अठरा दिवस झाले.

आज लिहायला बसलो त्याचं कारणही सांगतो. ते काही मोठेपणाचं नाही. गिरीश पाटकर आठवतो ना? तुमचा जुना विद्यार्थी, मालाडला त्याचं ग्रॅनाइटचं दुकान आहे. चर्चमधल्या तुमच्या महिन्याच्या मिस्सानंतर शाळेच्या प्रयोगशाळेत तुमच्या नावाची एक पाटी बसवायची, असं माजी विद्यार्थ्यांनी ठरवलं. दगड गिरीश देणार, कोरणारही तोच. मागच्या बुधवारी दुपारी त्याने मला व्हॉट्सॲपवर पाटीचा नमुना पाठवला. वर ‘ॲग्नेस परेरा’, त्याखाली ‘भूगोल व विज्ञान शिक्षिका’, आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत अवतरणचिन्हांत ती ओळ. सोबत त्याचा आवाज होता : "सर, तुम्ही पेपरवाले. प्रूफ एकदा बघून घ्या ना. दगडावर मिस्टेक झाली की पुसता येत नाही. शनिवारी कोरायला घेतो."

मी नमुना मोठा करून पाहिला. ‘शिक्षिका’तली पहिली वेलांटी पाहिली. अवतरणचिन्हं दोन्हीकडे आहेत का, ते पाहिलं. आणि उत्तर पाठवलं : शुद्धलेखन बरोबर आहे.

सव्वीस वर्षं लोकांचा मजकूर तपासणाऱ्या माणसाचा हात असा चालतो. पाठवून झाल्यावर मी काय पाठवलं ते मला दिसलं.

आपली ओळख तुमच्या तक्रारीतून झाली. आमच्या एका बातमीत ‘खाडीकाठची निरुपयोगी झुडपं’ असा तिवरांचा उल्लेख होता. तुम्ही पोस्टकार्ड पाठवलंत. त्यावर एकच प्रश्न होता : निरुपयोगी कुणाला? खाली नाव, शाळा, फोन नंबर. मी तेव्हा नुकताच पुरवणीवर आलो होतो आणि मुलांसाठी विज्ञानाचं सदर लिहिणारं कुणीतरी शोधत होतो. फोन केला. "लिहाल का?" असं विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "आधी येऊन बघा, मग ठरवू."

रविवारी सकाळी मी बोरिवली पश्चिमेला तुमच्या गावठाणातल्या घरी आलो. दार तुमच्या धाकट्या बहिणीने, लूसीने उघडलं. तिने आधी माझे बूट पाहिले.

"हे घालून तिच्याबरोबर जाणार? वाट लागणार बुटांची."

आतून तुमचा आवाज आला, "सपाता दे त्याला."

"माझ्या देऊ? मग मी चर्चला काय घालून जाऊ?"

पहिल्या पाच मिनिटांत तुम्ही मला ‘तू’ म्हणायला लागलात, आणि तेही आडनावाने. सावंत, हे धर. सावंत, इकडे बघ. तीस वर्षं तुम्ही शिकवलेल्या मुलांना हाच आवाज ऐकू येत असणार. वयाने मी तुमच्याहून चौदा वर्षांनी लहान होतो आणि त्या सकाळी आणखी लहान झालो.

ओहोटी होती. गोराईच्या धक्क्यापासून थोडं अलीकडे आपण खाजणाच्या चिखलात उतरलो. निवट्या मासळ्या चिखलावर उड्या मारत होत्या, तिवरांची श्वासमुळं पेन्सिली रोवल्यासारखी वर आली होती. तुम्ही साडी खोचून पुढे गेलात, वाकलात आणि एका जागी बोट दाखवलंत.

"हात घाल."

"बाई, घाण आहे."

"घाण नाही, काळं आहे. कोपरापर्यंत घाल."

घातला. सडक्या अंड्यासारखा वास आला. हाताला जे लागलं ते ओढून काढलं. काळ्या गाळाचा गोळा, त्यात मुळांचे तंतू आणि एक पान. पान तपकिरी काळं झालं होतं, पण शिरा दिसत होत्या.

"किती जुनं असेल?" मी विचारलं. वही काढायला हात स्वच्छ नव्हता.

"मला माहीत नाही. आणि ‘माहीत नाही’ असंच लिही."

मग तुम्ही तिथेच, घोटाभर चिखलात उभं राहून, कोळसा कसा होतो ते मला सांगितलंत. कुजायलाही हवा लागते. पाण्याखाली, गाळाखाली हवा पोचत नाही. कुजवणाऱ्या जीवांचं काम तिथे मंदावतं. पान, फांदी, खोड पूर्ण कुजतच नाही. कोळशाची सुरुवात एवढीच, तुम्ही म्हणालात, अर्धवट राहिलेलं कुजणं. त्यावर पुढच्या वर्षीची पानं पडतात, त्यावर पुढच्या. हजारो वर्षांनी त्याचा भिजक्या लगद्यासारखा थर होतो, त्याला पीट म्हणतात. मग कधीतरी जमीन खचते, नदी वाळू आणून टाकते, थर खाली जातो. वरच्या वजनाने पाणी पिळून निघतं. जितकं खोल तितकी उष्णता जास्त. पाणी जातं, वायू जातात, मागे कार्बनचं प्रमाण वाढत जातं. आधी तपकिरी लिग्नाइट, मग काळा दगडी कोळसा. कितीतरी पुरुष उंचीचा लगदा दबून हातभर कोळसा होतो.

"म्हणजे हाच चिखल पुढे कोळसा होणार?" मला शीर्षक दिसायला लागलं होतं.

"असं लिहिलंस तर मी नाव देणार नाही. हे खारं पाणी. आपल्या चंद्रपूर-वणीकडचा कोळसा झाला तो बहुधा गोड्या पाण्याच्या दलदलीत. झाडं वेगळी, हवा वेगळी. हे उदाहरण आहे, पुरावा नाही."

घरी आल्यावर तुम्ही कपाटातून कापडात गुंडाळलेला एक दगडाचा तुकडा काढलात. शिक्षकांच्या सहलीत तुम्ही वणीच्या कोळसा खाणीवर गेला होतात, तिथल्या माणसाने तुम्हाला दिलेला. करड्या दगडावर जिभेच्या आकाराचं पान उमटलं होतं, मधली शीर अगदी ठसठशीत. झाडाचं नाव ग्लॉसोप्टेरिस. ही झाडं वाढली तेव्हा आपला हा भूभाग पृथ्वीच्या पार दक्षिणेला होता, नुकतंच बर्फ वितळलेलं, थंड हवा. पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी. माझ्या डोक्यात कोळसा म्हणजे घनदाट उष्ण जंगलं असं होतं. तुम्ही ते खोडलंत. मी विचारलं, मुंबईखाली कोळसा सापडेल का? तुम्ही हसलात. "कान्हेरीचा काळा पाषाण लाव्हाचा. तो तर कोळशाच्या मानाने कालचा पोर."

लूसीने बशीत चहा ओतता ओतता म्हटलं, "तिला कुणाचं वय विचारा, कोटीतच सांगते. माझं तेवढं बरोबर सांगते, तेही सगळ्यांसमोर."

तुमचं सदर पाच-सहा महिने चाललं. दर आठवड्याला आपलं एकच भांडण. तुम्ही रेघांच्या कागदावर निळ्या पेनाने लिहून पाठवायचात आणि मी त्यातले ‘सुमारे’, ‘बहुधा’, ‘असं मानलं जातं’ हे शब्द कापायचो. जागा वाचते, वाक्य ठाम होतं, असं माझं म्हणणं. सोमवारी तुमचा फोन यायचा.

"सावंत, माझं ‘बहुधा’ कुठे गेलं?"

"बाई, वाचक गोंधळतो."

"गोंधळू दे. मीही गोंधळलेय, म्हणूनच तो शब्द लिहिला. आळसाने नाही लिहिला."

"मुलांना चित्र लागतं हो. डोळ्यांसमोर काहीतरी उभं राहायला हवं."

"मग दे ना चित्र. खोटं देऊ नको."

भांडण तिथेच थांबायचं, पुढच्या सोमवारपर्यंत. मला त्याची मजा वाटायची. आता वाटतं, तुम्ही मला दर सोमवारी सावध करत होतात.

कोळशावरचा लेख सदरातला शेवटचा ठरला. तो तुम्ही सर्वांत मन लावून लिहिला होतात. पुरवणीचं पान गुरुवारी दुपारी चारला बंद व्हायचं. साडेतीनला कळलं की खालची जाहिरात आकाराने लहान झाली आहे. तुमचा लेख सात ओळींनी कमी पडायला लागला. अशा वेळी छायाचित्र मोठं करायचं असतं, पण आलेलं छायाचित्र लहान होतं, मोठं केलं असतं तर फुटलं असतं. म्हणून मी ओळी लिहिल्या. अंधार, काळ, दाब, आणि शेवटी हिरा. तुमचं शेवटचं वाक्य होतं : ‘कोळसा जळायला काही मिनिटं लागतात, तो व्हायला किती काळ लागला, हे आपल्याला अंदाजानेच सांगता येतं.’ ते माझ्या हिऱ्याशेजारी विझल्यासारखं दिसत होतं. ते काढलं. त्यामुळे आणखी दोन ओळी कमी पडल्या, त्याही भरल्या. शीर्षक दिलं, ‘कोळशाचा हिरा होताना’.

तुम्हाला फोन करायला अर्धा तास होता. नंबर समोर होता. तुम्ही वर्गात असाल, असं मी स्वतःला सांगितलं. तुमची शाळा सकाळची होती.

लेख लोकांना फार आवडला. कधी नव्हे ते फोन आले. दोन शाळांनी ती ओळ फळ्यावर सुविचार म्हणून लिहिली. रविवारी दुपारी तुमचाही फोन आला होता, तो मी उचलला नाही. सोमवारी सुट्टी घेतली. बुधवारी मुलुंडच्या एका गृहस्थांचं दोन पानी पत्र आलं. आयुष्यभर खाणीत नोकरी करून निवृत्त झालेले होते. त्यांनी मुद्देसूद लिहिलं होतं की कोळसा आणि हिरा दोन्ही कार्बनचे, एवढंच त्यांचं नातं. कोळसा जमिनीच्या वरच्या थरांतला, हिरा शेकडो किलोमीटर खोल तयार होणारा. बहुतेक हिरे तर जमिनीवर पहिली वनस्पती उगवण्याच्याही कितीतरी आधीचे. कोळशावर आणखी दाब आणि उष्णता पडली तर त्याचं फार तर ग्राफाइट होईल, पेन्सिलीतलं. हिरा होणार नाही. शेवटी त्यांनी विचारलं होतं, शिक्षिकेने असं लिहावं का?

पुरवणीच्या संपादकांनी मला बोलावलं. पत्र टेबलावर होतं.

"सावंत, हे हिऱ्याचं कुणाचं?"

"बाईंचं."

"मूळ प्रतीत आहे?"

"आहे."

"बघितलंस?"

"हो."

तीन उत्तरं झाली. एकूण किती सेकंद लागले असतील, मी नंतर पुष्कळदा मोजायचा प्रयत्न केला आहे. लेखकांच्या हस्तलिखित प्रती आम्ही तीन महिने खणात ठेवायचो, नेमक्या अशाच वादासाठी. त्या दुपारी मी तुमचे चार कागद खणातून काढले आणि रद्दीच्या पोत्यात टाकले. तुम्ही कधी झेरॉक्स काढून ठेवत नाही, हे मला माहीत होतं. तुम्हीच एकदा हसत सांगितलं होतंत.

पत्र पुढच्या रविवारी छापलं. शीर्षक माझं नव्हतं, पण पान माझ्या हातून गेलं : ‘लेखिकेची गफलत’.

सोमवारी तुमचा फोन आला. या वेळी उचलला.

"सावंत, मी तो हिरा लिहिला नव्हता."

"हो बाई. बघतो."

"बघायचं काय? माझा कागद काढ आणि बघ."

"शोधावा लागेल."

मागे शाळेची घंटा ऐकू आली.

"सापडणार नाही, असं म्हणतोस का?"

"तसं नाही. बघतो ना."

"बरं. मग पुढच्या लेखात मीच लिहिते, की ती ओळ चुकीची आहे."

"बाई, सदर सध्या थांबवलंय. जागेचा प्रश्न आहे."

"बरं," तुम्ही म्हणालात. आणि फोन ठेवलात.

तुमच्या शाळेत त्यानंतर काय झालं, हे मला तुमच्या दफनविधीनंतर लूसीने सांगितलं. शिक्षकांच्या खोलीत तुम्हाला ‘हिरेवाल्या बाई’ म्हणायला लागले होते. आधी पाठीमागे, मग समोर, मग प्रेमाने. लूसी म्हणाली, "ती हसायची त्यांच्याबरोबर. घरी येऊन गप्प जेवायची. विचारलं तर बोलायची, माझं नाव होतं ना खाली." लूसीला ओळ कुणाची ते ठाऊक नव्हतं. तुम्ही सख्ख्या बहिणीलाही माझं नाव सांगितलं नव्हतंत. मी तिच्या हातातली मेणबत्तीची पेटी धरून उभा होतो आणि मान हलवत होतो.

एका शहरात, एकाच उपनगरात राहून माणसाला किती वर्षं टाळता येतं? बरीच वर्षं टाळता येतं. एकदाच गाठ पडली, मच्छी मार्केटमध्ये. तुम्ही मांदेलीचा वाटा बघत होतात, मी चार हातांवर. आपली नजर भिडली. मी पिशवी घेऊन मागे फिरण्याआधी तुम्हीच पाठ केलीत आणि कोळणीशी घासाघीस सुरू केलीत, जरा मोठ्याने. तुम्ही कधी घासाघीस करत नव्हतात. मला निसटता यावं म्हणून तुम्ही तेवढा वेळ दिलात. मी निसटलो.

याच वर्षांत मी पुरवणीचा प्रमुख झालो. नवीन मुलं मजकूर घेऊन आली की मी त्यांना विचारतो, "हे आपल्याला कसं कळलं?" कळलं नसेल तर तसं लिहा, म्हणतो. आमच्याकडे माझ्या या प्रश्नाची नक्कल करतात. प्रश्न तुमचा आहे. मी तो माझा म्हणून वापरत आलो, आणि त्यामुळे आमचं पान सुधारलं, हेही खरं आहे. तुमचे आभार मानण्याची ही फार वाईट जागा आहे, पण दुसरी मी शिल्लक ठेवली नाही.

तुम्ही आजारी असल्याचं गिरीशने कळवलं तेव्हा मी रुग्णालयात आलो. सांगायचं ठरवूनच आलो होतो. भेटीची वेळ चार ते सहा. लूसी औषधं आणायला खाली गेली आणि आपल्याला दहा मिनिटं मिळाली. मी तुम्हाला लिंक रोडवरच्या वाहतुकीबद्दल सांगितलं. पार्किंग कुठे मिळालं, ते सांगितलं.

"अजून कापतोस?" तुम्ही विचारलंत.

"आता मी कापत नाही. कापणाऱ्यांवर लक्ष ठेवतो."

"म्हणजे बढती." तुम्ही हसलात, त्याने खोकला आला. पाणी दिलं. मग तुम्ही माझ्याकडे नीट पाहिलंत.

"काही सांगायचं होतं का तुला?"

"नाही बाई. सहज आलो."

"बरं. ती खिडकी जरा लोटून घे. ऊन येतंय."

मी खिडकी लोटली. तेवढ्यात लूसी आली.

आता पाटीचं. गुरुवारी सकाळी मी गिरीशला फोन केला. "कोरायला घेऊ नकोस."

"का सर, काना-मात्रा राहिली काय?"

"फोनवर नको. येतो मी."

मालाडला त्याच्या दुकानात पोचलो तेव्हा पाटी कापून, घासून तयार होती. काळा ग्रॅनाइट, भिंतीला टेकवलेला. बाजूला स्नेहल बसली होती. ती तुमच्या हाताखाली आठवीत होती, गेल्या वर्षीपासून त्याच शाळेत तुमचाच विषय शिकवते, प्रयोगशाळा तिच्याकडे आहे. पाटी कुठे बसवायची त्याचं माप द्यायला आली होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. इथे सुरुवातीला लिहिलं आहे तेवढंच, त्याच क्रमाने. ओळ माझी, ओळ खोटी, मी बाईंवर ढकललं.

कापायचं मशीन चालू होतं. गिरीशने उठून ते बंद केलं.

"म्हणजे बाईंनी लिहिलंच नाही?"

"नाही."

"आणि तसं होतही नाही? कोळशाचा हिरा?"

"नाही."

त्याने दगडावरची धूळ तळव्याने पुसली. "सर, धंदा बसला होता ना माझा, तेव्हा ते कात्रण मी पाकिटात ठेवलं होतं. मला वाटायचं, बाईंनी माझ्यासारख्या ढ पोरांसाठी लिहिलं असेल." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "राहू दे ना यार, सर. बाई गेल्या. ओळ चांगली आहे. कोण चेक करतंय?"

तो मला सुटका देत होता. मी ती घेणार नाही, अशी मला स्वतःचीच खात्री नव्हती, हे लिहून ठेवतो.

स्नेहल म्हणाली, "मी करतेय चेक. ते माझ्या डोक्यावर लागणार आहे, दादा. खाली बसून मी पोरांना काय शिकवू?"

"पोरं कुठे एवढं बघतात?"

"बघतात. आम्ही बघितलंय." मग तिने जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. तो लेख आल्यानंतर, निवृत्त होईपर्यंत, कोळशाचा धडा आला की तुम्ही ते कात्रण वर्गात आणायचात. मुलांमध्ये फिरवायचात आणि सांगायचात, यात एक चूक आहे, शोधा. चूक सापडली की हिरा आणि कोळसा वेगळे कसे, ते फळ्यावर काढायचात. "मग बाई बोलायच्या, ही चूक छापून आली आणि खाली माझं नाव आहे. जिच्या नावावर चूक, तिनेच ती सांगायची. एका मुलाने विचारलं होतं, बाई, पण तुम्हीच लिहिलं होतंत का? तर बोलल्या, नाव कुणाचं दिसतंय? वाच."

ते तुमचंच उत्तर, बाई. त्यातही तुम्ही खोटं बोलला नाहीत. ‘मी लिहिलं’ असं तुम्ही कधीच म्हटलं नाहीत. आणि ‘मी नाही लिहिलं’ असंही मुलांसमोर म्हटलं नाहीत, कारण मग त्यांनी पुढचं नाव विचारलं असतं.

गिरीशने डोळे पुसले, धूळ गेली असेल. "मग दगडावर काय घालू? नाव आणि विषय एवढंच घातलं तर अर्धा रिकामा दिसेल. सर, तुम्ही लिहिणारे. तुम्हीच चार शब्द द्या दुसरे."

"माझ्याकडून एकही नको," मी म्हणालो.

"रिकामा दिसू दे," स्नेहल म्हणाली. "नाव टाका. भूगोल टाका. बास."

पाटीचं तसं ठरलं. हा मजकूर मी आमच्याच पुरवणीत, तुमचं सदर यायचं त्या पानावर दिला आहे. आमच्याकडे अशा खुलाशात ‘अनवधानाने’ हा शब्द घालायची पद्धत आहे. सहकाऱ्याने तो सुचवला. मी घातला नाही.

दुकानातून निघताना स्नेहल रस्त्यापर्यंत आली. "सर, आठवीला कोळशाचा धडा मंगळवारी आहे. तिसरा तास. कात्रण माझ्याकडे आहे, बाईंनीच दिलं. चूक मी शोधायला लावेन. पण ती कुणाची, हे तुम्ही येऊन सांगाल?"

मी हो म्हटलं.

"पोरं विचारतील हां. का केलंत, बाई होत्या तेव्हा का नाही बोललात. ती सोडत नाहीत."

म्हणालो, विचारू देत.

चार दिवस त्या प्रश्नाचं उत्तर लिहितो आहे. पहिलं उत्तर कामाच्या घाईबद्दल होतं. ते वाचायला बरं वाटलं, म्हणून खोडलं. दुसऱ्यात मी स्वतःला पुष्कळ दोष दिला होता, तेही वाचायला बरं वाटत होतं. आता एकच उरलं आहे. मला नोकरीची भीती वाटत होती, आणि बाई माझं नाव घेणार नाहीत याची मला खात्री होती. मंगळवारी तेवढंच सांगेन.